लंडनच्या इंटर्नशिपचं ते पत्र खोटं होतं

मुलींच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या लंडनच्या एका संस्थेत सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाल्याचं पत्र मला आलं आणि त्या पत्रापायी माझे ५९० पाउंड गेले. परत काही मिळालं नाही. संस्था खरी आहे, पण माझ्याशी बोलणारी माणसं तिची नव्हती. ही जाहिरात नाव बदलून अजून फिरतेय, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

जाहिरात विद्यार्थ्यांच्या एका ग्रुपवर आली होती. शाळा सुटलेल्या मुलींना पुन्हा शाळेत आणणाऱ्या प्रकल्पांचे अहवाल लिहायचे, देणगीदारांशी पत्रव्यवहार करायचा, असं काम. पगार नाही, राहायची सोय संस्था करणार. पगार नाही म्हटल्यावर माझा उलट विश्वास बसला. फसवणारे भरमसाट पगाराचं आमिष दाखवतात, एवढंच मला ठाऊक होतं.

अर्जासोबत एक निबंध मागितला होता: स्त्रीशिक्षण तुम्हाला महत्त्वाचं का वाटतं? तीन रात्री जागून मी तो लिहिला. १८८३ साली इंग्लंडला गेलेल्या आणि पुढे १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू करणाऱ्या पंडिता रमाबाईंबद्दल लिहिलं. माझ्या आजीबद्दल लिहिलं. आजी बासष्टाव्या वर्षी सही करायला शिकली. बँकेच्या स्लिपवर तिचं नाव चौकटीबाहेर जायचं. "अंगठा चालेल, आजी" असं कुणी म्हटलं तरी ती नवी स्लिप मागून घ्यायची.

मुलाखत पंचवीस मिनिटं चालली. समोरच्या बाईंचा कॅमेरा बंद होता, नेटवर्क नीट नाही म्हणाल्या. "तुमच्या आजीचं वाचून मला रडू आलं," असंही म्हणाल्या. त्या वाक्यानंतर मी प्रश्न विचारणंच सोडून दिलं. इतक्या चांगल्या कामात झटणाऱ्या माणसांकडे पुरावे कसे मागायचे, असं वाटून माझी मलाच लाज वाटायची. निबंध त्यासाठीच मागवला होता, असं आता माझं स्पष्ट मत आहे. कोणाला कुठे हात घातला की तो गप्प बसेल, हे त्यातून आयतं कळतं.

नेमणुकीच्या पत्रावर संस्थेचा लोगो होता, नोंदणी क्रमांक होता, सगळं होतं. पाठोपाठ खोलीसाठी ३५० पाउंड अनामत मागितली, परत मिळणारी. मी बँकेत गेले. परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म बघता बघता काउंटरवरच्या ताई थांबल्या. "संस्था लंडनची आहे ना? मग खातं दुसऱ्याच देशातलं कसं?" परदेशी बँक ओळखायचा जो स्विफ्ट कोड असतो, त्यातली पाचवी आणि सहावी अक्षरं देशाची असतात. ब्रिटनची 'जीबी'. माझ्या कागदावर दुसरीच होती. मी तिथूनच मेसेज केला. दोन मिनिटांत उत्तर आलं, आमचा आंतरराष्ट्रीय हिशेब त्या देशातून चालतो. ताईंनी पुन्हा विचारलं, "नक्की पाठवायचे?" मी हो म्हणाले. तो क्षण अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

दहा दिवसांनी २४० पाउंड मागितले, व्हिसासाठी लागणाऱ्या 'सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप'चे. तेही पाठवले. शिक्का मारलेली, सोनेरी कडेची एक पीडीएफ आली. मग आणखी ६०० पाउंड हवे होते, माझे पैसे काळे नाहीत असा दाखला काढायला. तेव्हा कुठे मी स्वतः शोधायला बसले, आणि अर्ध्या तासात सगळं उघडं पडलं.

सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप हा छापील कागद नसतोच. परवानाधारक संस्था ब्रिटिश गृहखात्याच्या प्रणालीत ती नोंद करते आणि आपल्याला मिळतो तो फक्त एक संदर्भ क्रमांक. अशा बिनपगारी कामासाठी ब्रिटनचा चॅरिटी वर्कर व्हिसा असतो आणि कोणत्या संस्थांकडे परवाना आहे ती यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. पत्रावरची संस्था त्या यादीत नव्हती.

मग नोंदणी क्रमांक. इंग्लंड आणि वेल्समधल्या धर्मादाय संस्थांची नोंद चॅरिटी कमिशन ठेवतं आणि त्यात विश्वस्तांची नावं, हिशेब, अधिकृत संकेतस्थळ, फोन सगळं खुलं असतं. क्रमांक मी आधीही टाकून पाहिला होता. संस्थेचं नाव जुळलं, तेवढ्यावर खूश होऊन मी पान बंद केलं होतं. या वेळी खाली गेले. तिथला ई-मेल पत्ता वेगळा होता. मला मेल येत होते त्या पत्त्यात एक जादाची आडवी रेघ होती, आणि ते डोमेन जेमतेम दोन महिन्यांपूर्वी घेतलेलं होतं. क्रमांक खरा असणं पुरेसं नाही. त्या नोंदीत दिलेल्या पत्त्यावर तुम्ही स्वतः मेल करून विचारा, पत्रातल्या पत्त्यावर नको. मी केला तेव्हा दुसऱ्याच दिवशी खऱ्या संस्थेचं उत्तर आलं: असा कुठलाही कार्यक्रम आम्ही चालवत नाही, आणि तुमच्याआधी आणखी एका मुलीने हेच विचारलं होतं.

बँकेला पैसे परत मागवायचा अर्ज दिला, सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पण त्या हेल्पलाइनचा उपयोग पैसे गेल्या गेल्या फोन केला तर. माझे जाऊन तीन आठवडे झाले होते. पासपोर्टची प्रतही त्यांच्याकडे आहे, तेही तक्रारीत लिहून दिलंय.

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीने नवी जाहिरात पाठवली. संस्थेचं नाव वेगळं, देश वेगळा. खाली 'आमच्या इंटर्नचे मनोगत' म्हणून एका अनोळखी मुलीचा फोटो आणि त्याच्याशेजारी माझी आजी, चौकटीबाहेर जाणारी सही, पुन्हा मागितलेली स्लिप. शब्द न शब्द माझा. मी तक्रार केली, ते पान गेलं. ते परत नव्या नावाने येईल. मुलींच्या शिक्षणाच्या कुठल्याही जाहिरातीत बासष्टाव्या वर्षी सही शिकलेली आजी दिसली तर एक रुपयाही पाठवू नका. ती माझी आजी आहे.