७९९ रुपयांचं इंग्रजी सराव ॲप, सहा महिन्यांनंतर: तेविसाव्या टेस्टमधला तो एक प्रश्न

परवा अभ्यासिकेतून निघताना फोनवर मेल दिसली. 'आपण कळवलेल्या प्रश्नाचे उत्तर दुरुस्त करण्यात आले आहे.' अकरा आठवडे, चार मेल आणि एक फोन झाल्यावर. मला खरंच आनंद झाला. खोलीवर येऊन ॲप उघडलं, तर उत्तर बदललेलं होतं, पण त्याखालचं स्पष्टीकरण जुनंच. आता वर लिहिलंय 'कम' बरोबर, आणि खाली कारण दिलंय ते 'कम्स' बरोबर असल्याचं. नवीन मुलगी हे वाचेल तर काय शिकेल?

म्हणून सहा महिन्यांचा सगळाच अनुभव लिहायला बसले. ॲपचं नाव लिहीत नाही, पण टेस्ट सिरीज घेणाऱ्या कुणालाही यातलं बरंचसं लागू पडेल.

मी बी.कॉम. आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यम, गाव इंदापूर तालुक्यात. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. सकाळी एका सीएंच्या ऑफिसात टॅलीच्या एन्ट्र्या करते आणि दुपारपासून रात्रीपर्यंत नवी पेठेतल्या अभ्यासिकेत बसते. गेल्या वर्षी बँक क्लार्कच्या पूर्वपरीक्षेत गणित आणि रीझनिंग निघालं, इंग्रजीत अडकले. तिन्ही विभागांचा कटऑफ वेगळा असतो, त्यामुळे बाकी दोन कितीही चांगले गेले तरी उपयोग झाला नाही. २०२१ साली सरकारने क्लार्कची परीक्षा मराठीसह १३ प्रादेशिक भाषांत घ्यायचं ठरवलं, त्याचा मला गणितात फायदा झाला. पण इंग्रजीचे ३० प्रश्न इंग्रजीतच येतात आणि त्यांना २० मिनिटं मिळतात. प्रश्नाला ४० सेकंद. चुकलं की पाव मार्क वजा.

क्लासची चौकशी केली होती. फक्त इंग्रजीसाठी सांगितलेली फी माझ्या दोन महिन्यांच्या मेसइतकी होती. ॲप सहा महिन्यांना ७९९ रुपये, म्हणजे दिवसाला साडेचार रुपयेसुद्धा नाहीत. फेब्रुवारीत घेतलं.

पहिला महिना मी फक्त प्रश्न सोडवत सुटले. रोज शंभर. पैसे भरलेत तर एकही प्रश्न वाया जाऊ द्यायचा नाही, असं डोक्यात होतं. रिकाम्या जागा, चुका ओळखा, समानार्थी शब्द, उतारे, वाक्यांचा क्रम, सगळं. मार्क ३० पैकी ११ ते १३. महिनाअखेरीलाही तेवढेच. त्या वेळी कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, पैसे पाण्यात गेले.

मत बदललं ते वेळेच्या रिपोर्टमुळे. टेस्ट संपली की कोणत्या प्रश्नाला किती सेकंद लागले याचा तक्ता येतो. तो मी महिनाभर उघडलाच नव्हता. उघडला तेव्हा कळलं की उताऱ्याला मी साडेनऊ मिनिटं देतेय, म्हणजे जवळजवळ निम्मा वेळ, आणि शेवटचे सात-आठ प्रश्न वाचतही नाही. त्या न वाचलेल्यांत तीन-चार तर व्याकरणाचे सोपे प्रश्न असायचे. दुसऱ्या दिवसापासून क्रम बदलला. आधी चुका ओळखा, मग रिकाम्या जागा, मग वाक्यांचा क्रम, आणि उतारा शेवटी. त्यातही आधी प्रश्न वाचायचे, मग उतारा. दोन आठवड्यांत १७ मार्क आले. तोवर व्याकरणाचा एकही नवा नियम शिकले नव्हते. या एका तक्त्यासाठी मी ७९९ रुपये पुन्हा देईन.

एक मात्र लक्षात ठेवा. हा क्रम बदलण्याचा उपाय बँकेच्या परीक्षेत चालतो. खासगी कंपन्यांच्या भरतीत अॅमकॅटसारख्या टेस्ट असतात, तिथे संगणक तुमच्या उत्तरानुसार पुढचा प्रश्न सोपा की अवघड ते ठरवतो आणि मागे जाता येत नाही. समोर आलेला प्रश्न तिथल्या तिथे मिटवावा लागतो. दोन्हींची तयारी करत असाल तर दोन्ही सवयी वेगवेगळ्या लावून घ्या.

आता मूळ मुद्द्याकडे येते. एप्रिलमध्ये तेविसाव्या टेस्टमध्ये हा प्रश्न आला: 'शी इज वन ऑफ दोज एम्प्लॉईज हू ____ अर्ली.' पर्याय होते कम, कम्स, इज कमिंग, हॅज कम. मी 'कम' निवडलं. ॲपने लाल केलं. बरोबर उत्तर म्हणे 'कम्स', कारण 'वन ऑफ आल्यावर क्रियापद एकवचनी'.

हा नियम अर्धाच आहे. 'वन ऑफ द गर्ल्स इज ॲबसेंट' इथे तो बरोबर, कारण गैरहजर एकच मुलगी आहे. पण मधे 'हू' आला की तो कुणाबद्दल बोलतोय ते बघावं लागतं. मला हे नीट मांडता येत नव्हतं, नुसतं वाटत होतं. माझे मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, त्यांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, मराठीत म्हणून बघ की. जे कर्मचारी लवकर येतात, त्यांच्यातली ती एक. येतात म्हणशील का येते म्हणशील?"

"येतातच म्हणणार, मामा."

"मग झालं तर. तो हू म्हणजे आपला जे. जे कर्मचारी. अनेकवचन."

मग त्यांनी दुसरं वाक्य दिलं: 'शी इज द ओन्ली वन ऑफ दोज एम्प्लॉईज हू कम्स अर्ली.' त्या कर्मचाऱ्यांपैकी लवकर येते ती एकटीच. इथे 'येते', म्हणून 'कम्स'. दहा मिनिटांच्या फोनमध्ये मला जे कळलं ते ॲपच्या एका ओळीत नव्हतं, उलट ती ओळ मला माझ्या बरोबर उत्तरापासून मागे खेचत होती.

पहिली मेल त्याच रात्री केली. उत्तर आलं, 'आपला अभिप्राय मोलाचा आहे.' दुसऱ्या मेलला, 'संबंधित विभागाकडे पाठवले आहे.' तिसऱ्या मेलसोबत मी त्यांच्याच अकराव्या टेस्टचा स्क्रीनशॉट जोडला. त्यात अगदी अशाच रचनेच्या वाक्याला त्यांनी अनेकवचनी क्रियापद बरोबर धरलं होतं. एकाच ॲपमध्ये एकाच नियमाची दोन उत्तरं. तीन आठवडे काही नाही. चौथ्या मेलनंतर एका मुलीचा फोन आला, बोलायला खूप नम्र होती. ती म्हणाली, "मॅडम, बोलण्यात दोन्ही चालतं." चालत असेल. पण चार पर्यायांच्या प्रश्नात दोन चालत नाहीत, एकच हिरवा होतो आणि दुसऱ्याला पाव मार्क कापला जातो. मी तिला तेच सांगितलं. तिने सगळं लिहून घेतलं, आणि बहुधा तिच्यामुळेच दुरुस्ती झाली. तिचे मी आभार मानते.

एका प्रश्नासाठी इतकं का, असं मला रूममेटनेही विचारलं. कारण सांगते. अभ्यासिकेत माझ्या शेजारच्या टेबलावर लातूरची एक मुलगी बसते, हेच ॲप वापरते. तिने हा प्रश्न आधी बरोबर सोडवला होता. ॲपने चूक दाखवल्यावर तिने वहीत लाल पेनाने लिहून ठेवलं, 'वन ऑफ = नेहमी एकवचन', आणि पुढच्या दोन टेस्टमध्ये तसे प्रश्न चुकवले. आमच्यासारख्यांच्या घरी इंग्रजी बोलणारं कुणी नसतं. ॲप म्हणतं ते आम्ही खरं धरतो, आणि शंका आली तर ती स्वतःवर घेतो. इंग्रजी माध्यमाची मुलगी म्हणेल, ॲप चुकलंय. आम्ही म्हणतो, आपलंच चुकलं असणार. हजारो प्रश्नांमध्ये पाच-दहा चुका होणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. कळवल्यावर त्या तीन दिवसांत दुरुस्त झाल्या पाहिजेत, आणि ज्यांनी ती टेस्ट दिली त्यांना तसं कळवलं पाहिजे. लातूरच्या मुलीला दुरुस्ती मी सांगितली, ॲपने नाही.

मामांच्या त्या फोनचा मात्र फार मोठा फायदा झाला. त्या दिवसापासून मी चुकलेलं प्रत्येक वाक्य मराठीत म्हणून बघायला लागले, आणि माझ्या बऱ्याच चुका मराठीतूनच येतात हे दिसलं. आप्पा बळवंत चौकातून एक दोनशेपानी वही आणली आणि त्या लिहायला लागले.

आपण 'त्याच्यावर रागावलो' म्हणतो, म्हणून हात आपोआप 'अँग्री ऑन हिम' वर जातो; हवं 'अँग्री विथ हिम'. 'त्याच्याशी लग्न' म्हणून 'मॅरीड विथ'. हवं 'मॅरीड टू'. 'पुण्याला पोचले' म्हणून 'रीच्ड टू पुणे'. तिथे 'टू' नकोच. 'विषयावर चर्चा केली' म्हणून 'डिस्कस्ड ऑन' किंवा 'डिस्कस्ड अबाउट'. तिथेही काही नको. 'पासून' हा आपला एकच शब्द 'सोमवारपासून' आणि 'तीन वर्षांपासून' दोन्हीकडे चालतो. इंग्रजीत सोमवारला 'सिन्स' आणि तीन वर्षांना 'फॉर'. मी जानेवारीपासून इथे राहते यातलं 'राहते' मराठीत साधं वर्तमान, इंग्रजीत 'हॅव बीन लिव्हिंग'. सगळ्यात जास्त मार्क मी 'अनलेस' आणि 'अंटिल'वर घालवले. 'जोपर्यंत तू येत नाहीस तोपर्यंत' यात आपल्याकडे 'नाही' लागतंच. इंग्रजीत 'अंटिल यू कम' म्हटलं की पुरे, 'डोंट' घातलं की वाक्य चुकतं. हे एकदा समोरासमोर लिहिलं आणि पुन्हा चुकलं नाही.

'द' आणि 'अ' तर मला कधी कळलेच नव्हते. ते वाक्यांच्या क्रमाच्या प्रश्नांतून कळले. पाच वाक्यं उलटसुलट दिलेली असतात. ज्या वाक्यात 'अ फार्मर' आहे ते आधी येतं, 'द फार्मर' असलेलं नंतर, कारण तोवर तो शेतकरी आपल्या ओळखीचा झालेला असतो. आपण गोष्ट सांगताना 'एक शेतकरी होता. तो शेतकरी...' म्हणतो, त्यातला 'एक' आणि 'तो'. 'ही', 'दे', 'धिस' असे शब्द असलेलं वाक्य सहसा पहिलं नसतं, आणि 'हाउएव्हर' असलेल्याच्या आधी उलट अर्थाचं काहीतरी यायला हवं. हे ॲपच्या व्हिडिओत आहे.

व्हिडिओंबद्दल मी आधी इथे लिहिलं होतं की बघू नका, हिंदीत आहेत आणि लांबण लावतात. ते खोडते. लिहिताना वाक्यांच्या क्रमाचे तीन व्हिडिओ पुन्हा बघितले आणि ते खरोखर चांगले आहेत. बाकीचे दीडपट वेगाने बघा.

शब्दसंग्रहाचा भाग मात्र कच्चा आहे. रोज वीस शब्दांची कार्डं येतात आणि चार दिवसांनी त्यातले तीन आठवतात. शिवाय 'फ्रूगल' आणि 'मायझर्ली' एकाच कार्डावर समानार्थी म्हणून दिलेत. काटकसरी आणि चिक्कू एकच का? माझी आई फ्रूगल आहे, तिला मायझर्ली म्हटलेलं मला सहन होणार नाही. परीक्षेत हे दोन्ही पर्याय शेजारी शेजारी आले तर कार्ड पाठ करणारा कशावर टिक करणार? मी आता वीसऐवजी सहा शब्द घेते, मराठी शब्द समोर लिहिते, आणि तो शब्द कौतुकाचा आहे की नावं ठेवण्याचा तेही लिहिते.

अपडेटनंतर ॲप जड झालंय. माझ्या तीन जीबी रॅमच्या फोनवर टेस्टच्या मध्यात दोनदा बंद पडलं, पण उत्तरं सेव्ह झालेली होती आणि वेळ तिथूनच सुरू झाली. त्यामुळे तक्रार नाही.

जुलैत खराडीतल्या एका कंपनीची बॅक ऑफिसची टेस्ट दिली. सकाळी दोन बस बदलून गेले. इंग्रजीचा विभाग पहिलाच होता, आणि तिसऱ्याच प्रश्नात 'अंटिल' आलं. मी मनात 'जोपर्यंत' म्हटलं आणि 'डोंट' नसलेला पर्याय निवडला. लेखी फेरी निघाली. बाहेर येऊन आधी मामांना फोन केला. पुढच्या फेरीत काय होईल ते होईल, पण इंग्रजीत मी अडकले नाही ही गोष्ट मला खूप मोठी वाटते.

आता टेस्टमध्ये २१ ते २३ पडतात. पाचपैकी साडेतीन स्टार देते. वेळेच्या तक्त्याला आणि भरपूर टेस्टना चार दिले असते, अर्धा त्या अकरा आठवड्यांसाठी कापला. वर्गणी १४ तारखेला संपते. या वेळी सहा महिन्यांची नाही, तीन महिन्यांची ४४९ वाली घेणार, तेवढ्यात पूर्वपरीक्षा होऊन जाईल. आपोआप पैसे कापायची परवानगी मात्र आधी बंद करा, ती सेटिंगमध्ये तिसऱ्या पानावर आहे.

पाचवी मेल आज सकाळी केली. त्यात स्पष्टीकरण मीच लिहून दिलंय, मामांचं वाक्य घालून: जे कर्मचारी लवकर येतात, त्यांच्यातली ती एक.