एमएसडब्ल्यूचं फील्डवर्क: घेणाऱ्या संस्थेच्या बाजूने

समाजकार्याच्या अभ्यासक्रमाबद्दल वाचायला मिळतात ते अभिप्राय बहुतेक विद्यार्थ्यांचेच. प्राध्यापक कसे आहेत, नोकरी लागते का, उपस्थितीवरून किती छळतात, वगैरे. मी पलीकडच्या बाजूची. आमच्या छोट्या संस्थेत दरवर्षी विद्यापीठाकडून एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्याच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची, मुलं फील्डवर्कला, म्हणजे वस्तीत प्रत्यक्ष काम करायला, येतात आणि त्यांचं पर्यवेक्षण माझ्या गळ्यात असतं. तेव्हा पदवी कशी आहे हे मला विचारू नका. त्या पदवीतून वस्तीच्या पदरात काय पडतं, एवढंच सांगते.

जे चांगलं आहे ते खरोखर चांगलं आहे. प्रत्यक्ष काम केल्याशिवाय पदवी नाही, हा नियम या शिक्षणात जगभर पाळला जातो. अमेरिकेत पदव्युत्तर पदवीसाठी निदान ९०० तास क्षेत्रकार्य लागतं, इंग्लंडमध्ये १७० दिवस. आणि हे नुसतं हजेरी लावणं नसतं. दर भेटीचा अहवाल लिहायचा, तो पर्यवेक्षकाने वाचायचा, मग समोरासमोर बसून चर्चा. मला विचाराल तर या अभ्यासक्रमातली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे ती अहवालाची वही. एका मुलीने पहिल्याच आठवड्यात लिहून आणलं, ‘आजींना भावनिक आधार दिला.’ मी विचारलं, म्हणजे नक्की काय केलंस?

‘ताई, त्या रडत होत्या. मला काय बोलावं कळेना, म्हणून गप्प बसून राहिले.’

‘मग तेच लिही.’

तिने खोडून तेच लिहिलं. पुढच्या भेटीत आजी स्वतःहून बोलल्या. नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर नाव एक आणि पेन्शनच्या कागदावर दुसरं, म्हणून सगळं अडून बसलं होतं. घरात इतक्या लोकांनी ‘काळजी करू नका’ म्हटलं होतं, पण ते दोन कागद शेजारी ठेवून कुणी पाहिले नव्हते. व्यक्तिसहाय्याचं, म्हणजे एकेका माणसासोबत काम करण्याचं तंत्र, माणूस आहे तसा स्वीकारण्याचं तत्त्व हे वर्गात पाठ होतं. पण कुणाच्या तरी ओसरीवर अवघडून बसल्याशिवाय ते अंगी लागत नाही. हे काम आमचे पगारी कार्यकर्तेही इतक्या निगुतीने करत नाहीत. त्यांना वेळच नसतो.

आता तक्रार. वेळापत्रक कॉलेजचं असतं, वस्तीचं नसतं. आठवड्यातले दोन दिवस मुलं येणार, मध्ये अंतर्गत परीक्षा, मग अभ्यास शिबिर, मग सबमिशन. ओळख होऊन लोक मोकळं बोलायला लागतात, तोवर वार्षिक परीक्षा येते आणि माणूस गायब. पुढच्या वर्षी नवा चेहरा, पुन्हा तेच प्रश्न. कुटुंबात किती माणसं, पाणी किती वेळ येतं, शाळा कुणी सोडली? एका बाईंनी दारातूनच सुनावलं, ‘मागच्या वर्षीच्या मुलीला सगळं लिहून दिलंय, तिच्याकडून घ्या.’ आता यावर मी काय बोलणार? त्या सर्वेक्षणाचा प्रबंध झाला, मार्क पडले, आणि ज्यांनी माहिती दिली त्यांना त्याचं एक पानही कुणी आणून दाखवलं नाही.

अमेरिकेत समाजकार्याचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, जेन ॲडम्स, १८८९ मध्ये शिकागोच्या गरीब वस्तीतल्या हल हाऊस या सेवाकेंद्रात राहायलाच गेल्या आणि तिथल्याच होऊन राहिल्या. मुंबईत १९३६ साली समाजकार्याची शाळा निघाली तीही क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्याच्या नागपाडा नेबरहुड हाऊस या वस्तीतल्या केंद्रात, म्हणजे वर्ग आणि वस्ती एकमेकांना खेटून. विद्यार्थ्यांनी इथे मुक्कामाला यावं असं माझं म्हणणं नाही. पण निदान जाणाऱ्याने येणाऱ्याच्या हाती काही देऊन जावं की नाही? एका कॉलेजला मी अर्धवट राहिलेल्या केसेसची यादी मागितली, तर उत्तर आलं की अहवाल विभागात जमा झालेत, मूल्यांकन पूर्ण झाल्यावर बघू. त्या अहवालांतल्या माणसांचे अर्ज तोवर तसेच पडून.

परिणाम मोजण्याची रीत तर विचारूच नका. पथनाट्य झालं, शिबिर झालं, रॅली निघाली, फोटो निघाले, लाभार्थी संख्या लिहिली. पथनाट्य बघायला थांबलेला प्रत्येक माणूस लाभार्थी!

आणि ज्याला मी खरा परिणाम म्हणेन, तो त्यांच्या कुठल्याच अहवालात नाही. एका विद्यार्थ्याने गटकार्याचा भाग म्हणून बायकांचा एक गट बांधला. बोलका नव्हता, कॉलेजातही मागेच असणार. त्याने भाषण दिलं नाही. फॉर्म मोठ्याने वाचायला लावले, रिकाम्या झेरॉक्सवर भरायला लावले आणि एकच गोष्ट घोटून घेतली: अर्ज दिला की पोच घ्यायची, शिक्का आणि तारीख बघूनच खिडकीवरून हलायचं. तो पास होऊन गेला. त्याचं नाव आज गटातल्या निम्म्या बायकांना आठवणार नाही. पण परवा कार्यालयात कारकून ‘ठेवून जा’ म्हणाला, तेव्हा त्यांच्यातली एक त्याला म्हणाली, ‘पोच द्या, मग जाते.’ त्याने दिली. त्या शिक्षणाचे पैसे वसूल झाले ते तिथे, असं मी धरते.

तेव्हा पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा त्या मुलाचा. दीड कापला तो वेळापत्रकाचा आणि न येणाऱ्या प्राध्यापकांचा. ‘फील्ड व्हिजिट’ फोनवर उरकणाऱ्यांचा मला फार राग आहे. विद्यार्थी घेऊ पाहणाऱ्या संस्थांनी खुशाल घ्यावेत, पण फुकटचे हात समजून नको. नोंदी टाइप करायला आणि कार्यक्रमात खुर्च्या लावायला मुलं वापरणाऱ्या संस्थाही मी पाहिल्यात, आणि वर त्याच कॉलेजच्या नावाने बोटं मोडतात. आठवड्यातून तासभर बसून अहवाल वाचायची तयारी नसेल, तर नाही म्हणून सांगावं.

मी यंदा विभागाला पत्र दिलंय: सहा नकोत, दोनच पाठवा, पण दोन्ही वर्षं त्याच दोघी, आणि जाताना प्रत्येक अपुऱ्या केसचं एक पान, माणसाला विचारून, संस्थेत ठेवून जायचं. पत्राची पोच घेतली आहे. उत्तर अजून यायचंय.