सासूबाईंच्या व्हिटॅमिन डी-३ आणि बी-१२ चा अनुभव: पावसाळ्यापासून आतापर्यंत

आमच्या सासूबाई ७६ वर्षांच्या, शुद्ध शाकाहारी, शुगरसाठी कित्येक वर्षं मेटफॉर्मिन चालू. तळपायाला मुंग्या यायच्या, जिना चढताना मांड्या भरून यायच्या. ‘वयच झालं आता’ म्हणून सगळे सोडून देत. जूनमध्ये रक्त तपासलं तर डी ११ आणि बी-१२ १४८, दोन्ही बरंच कमी. मेटफॉर्मिनमुळे बी-१२ उतरू शकतं, हे गोळी लिहून देतानाच घरच्यांना सांगायला हवं. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, याचा मला अजून राग येतो.

डॉक्टरांनी डी-३ ची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, मग महिन्याला एक अशी दिली. बी-१२ ची आधी इंजेक्शनं, मग गोळी. पुडी जेवणानंतर सायीच्या दुधातून देते, कारण डी स्निग्धाबरोबरच नीट शोषलं जातं. कालनिर्णयवर लाल खूण करते. ही पुडी चुकून रोज घेतली गेली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनीवर येऊ शकतं.

मांड्यांमधला फरक आधी जाणवला. आता त्या खुर्चीचे हात न धरता उठतात. मुंग्या दिवाळीनंतर हळूहळू कमी झाल्या, अंगठ्याशी अजून थोड्या आहेत.

सर्दी-खोकला मात्र दरवर्षीसारखाच झाला. ऑस्ट्रेलियात साठीपुढच्या एकवीस हजारांवर लोकांच्या अभ्यासात निम्म्यांना महिन्याला डी-३ चा हाच ६०,००० चा डोस पाच वर्षांपर्यंत देऊन पाहिला, तरी श्वसनाचे संसर्ग टळले नाहीत. त्यामुळे प्रतिकारशक्तीच्या आशेने हे घेऊ नका, कमतरता असेल तर जरूर घ्या.

एका नातेवाइकांनी प्रेमाने ‘इम्युनिटी’चा डबा आणला होता. मागे बारीक अक्षरात झिंक ५० मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला रोज ४० च्या वर झिंक महिनोन्‌महिने गेलं तर शरीरातलं तांबं घटू शकतं, त्याने पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात आणि पायांना मुंग्याही येऊ शकतात. डबा परत केला. त्याऐवजी डॉक्टरांना विचारून फ्लूची लस दिली, न्यूमोनियाचीही ठरली आहे.

डी आणि बी-१२ ची फेरतपासणी मार्चमध्ये आहे. आकडे आले की इथेच लिहीन.