गुहा परिषदेच्या 'अर्ली बर्ड' तिकिटांत १,१५,३५० रुपये घालवले. लाज सोडून लिहितोय

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे "किती गेले, किती गेले" हे विचारायला नको. एक लाख पंधरा हजार तीनशे पन्नास. त्यातले निम्मे, म्हणजे ५७,६७५, माझ्या भाच्याचे. ते मी त्याला पगारातून पाच हप्त्यांत परत केले. विषय निघाला की थोरली बहीण अजून म्हणते, "जाऊ दे रे, जिवावरचं पैशावर गेलं." जणू आम्ही घाटात गाडी पलटी होऊन वाचलोय.

मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. एक्स्पोर्टची बिलं, परदेशी पार्टीचे बँकेचे तपशील, स्विफ्ट कोड, हे माझं रोजचं काम. मेलमध्ये एखाद्या पार्टीचं खातं बदललेलं दिसलं की मीच मालकांना थांबवतो, "आधी फोन करून विचारू." हे मुद्दाम लिहितोय, कारण ऐकणारा प्रत्येक जण पहिलं वाक्य हेच टाकतो: "तुम्ही तर हिशेबातला माणूस की ओ!" होय. हिशेबातलाच. पुढे बोला.

केव्हिंगचं, म्हणजे गुहांत शिरून फिरण्याचं, वेड भाच्याने लावलं. आपल्याकडे सगळा काळा बेसाल्ट, चुनखडीची खरी गुहा बघायची तर लांब जावं लागतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही दोघं मेघालयात जाऊन आलो. क्रेम लियात प्रा ही तीस किलोमीटरच्या वर मोजलेली गुहा. आम्ही तिच्या तोंडापासून थोडंसंच आत गेलो असू, पण गुडघाभर पाण्यात हेडलॅम्पच्या उजेडात उभं राहिल्यावर मामा-भाचे दोघंही गप्प झालो होतो. बायकोचं म्हणणं वेगळं. "अंधारात जायला एवढे पैसे? आपला नळदुर्ग काय वाईट आहे?" आता तिला काय बोलायचं, तोंड कुठे राहिलंय.

तिथेच कळलं की दर चार वर्षांनी आंतरराष्ट्रीय स्पेलिऑलॉजी काँग्रेस, म्हणजे गुहाशास्त्राची जागतिक परिषद, भरते. पहिली पॅरिसला १९५३ मध्ये झाली. २०१७ ची सिडनीत. फ्रान्सची २०२१ ला ठरली होती, कोरोनामुळे २०२२ ला झाली. आणि एकोणिसावी जुलै २०२५ मध्ये ब्राझीलला, बेलो होरिझोन्तेत. जगभरचे गुहावाले एका जागी, भाषणं, नकाशे आणि आधी-नंतर प्रत्यक्ष गुहांच्या सहली. भाच्याला नुकतीच नोकरी लागली होती. म्हणाला, "मामा, आयुष्यात एकदा."

ऑक्टोबरमध्ये ट्रेकवाल्यांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज आला. काँग्रेससाठी भारतीय मंडळींचं एकत्र बुकिंग, अर्ली बर्ड दर (लवकर नोंदणी केली तर सवलत), मुदत ३१ ऑक्टोबर. खाली नंबर. कोणी टाकला? ग्रुपमधल्याच एकाने. त्याला कोणी पाठवला? त्याच्या मित्राने. त्या मित्राला? इथून पुढे माग लागत नाही, आणि या धंद्याचं भांडवल तेच असतं. ओळखीच्या माणसाने पुढे ढकललेला मेसेज म्हणजे ओळखीच्या माणसाची हमी नव्हे. हे मला आज कळतंय.

फोनवरचा माणूस मवाळ, घाई न करणारा. हिंदी बोलायचा, मधूनच "सर, आपण सोलापूरचे? चादरवाले!" असं मराठीत. त्याला फ्रान्सचं वर्ष पुढे गेलेलं माहीत होतं, सिडनी माहीत होतं. आता वाटतं, त्यात काय, ते तर कुणालाही वाचायला मिळतं. पण तेव्हा वाटलं की गुहेतलाच माणूस आहे. आपल्या वेडाची भाषा बोलणारा भेटला की माणूस निम्मा विकला जातो.

पैसे असे गेले, सगळे यूपीआयने:

१४ ऑक्टोबर, टोकन २,००० रुपये. १९ ऑक्टोबर, दोघांच्या नोंदणीची उरलेली रक्कम ५४,६००. २६ ऑक्टोबर, काँग्रेसनंतरची सहल, दोघांचे ३१,०००. ९ नोव्हेंबर, पिवळ्या तापाच्या लशीचा 'स्लॉट', ९,०००. १८ नोव्हेंबर, व्हिसाच्या निमंत्रणपत्राची 'परत मिळणारी अनामत', १८,७५०.

दुसऱ्या वेळी पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव आलं ते कुठल्यातरी एंटरप्रायझेसचं. ना काँग्रेस, ना गुहा. मी विचारलं नाही असं समजू नका, विचारलं. तो म्हणाला, "सर, बाहेरच्या संस्थेला यूपीआयने रुपये कसे जाणार? हे आपलं इथलं कलेक्शन अकाउंट." आणि मला ते पटलं, कारण परदेशात पैसे पाठवायची भानगड मला रोजच्या कामामुळे ठाऊक आहे. अडाण्याला हे पटलं नसतं. माझ्या अर्धवट ज्ञानानेच मला खड्ड्यात घातलं. परदेशातल्या कार्यक्रमाचे पैसे कुणा एंटरप्रायझेसच्या खात्यात मागितले की फोन ठेवा. पुढचं ऐकूच नका, कारण पुढचं नेहमी पटणारंच असतं.

पण खरी जागा ही नव्हे. जिच्यामुळे मला अजून रात्री जाग येते, ती जागा म्हणजे २६ ऑक्टोबरची संध्याकाळ.

त्या दिवशी सहलीची पीडीएफ आली. चार पानं, रंगीत, वर लोगो. दिवाळी तोंडावर होती, स्वयंपाकघरात चकलीचं सारण... चुकलो, चकलीची भाजणी मळणं चाललं होतं आणि भाचा फराळ चाखायला आला होता. दुसऱ्या पानावर लिहिलेलं: पेरुआसू राष्ट्रीय उद्यान, जानेलाऊं गुहा, हाफ डे. सकाळी नाश्ता करून बेलो होरिझोन्तेहून निघायचं, दुपारच्या जेवणाला हॉटेलवर परत.

जानेलाऊं आम्हाला तोंडपाठ. तिथे छतावरून लोंबणारा चुनखडीचा एकच सुळका २८ मीटर लांब आहे, बॅलेरिनाचा पाय म्हणतात त्याला. भाच्याच्या मोबाईलच्या वॉलपेपरला तोच. आणि पेरुआसू बेलो होरिझोन्तेपासून सहाशे किलोमीटरच्या आसपास, त्याच राज्याच्या पार उत्तर टोकाला. म्हणजे सोलापुरात पोहे खाऊन निघायचं, नागपूरला गुहा बघायची आणि दुपारच्या भाकरीला घरी.

भाचा म्हणाला, "मामा, हे हाफ डे कसं काय?"

त्याने विचारलं होतं. पंचवीस वर्षांच्या पोराने बोट ठेवून विचारलं होतं. आणि मी काय म्हणालो असेन? "अरे, छोट्या विमानाने नेत असतील. ब्राझील आहे ते, आपल्यासारखं नाही." कुठल्या विमानाने, कुठल्या धावपट्टीवर, साडेपंधरा हजारांत? तो गप्प बसला, कारण मी मामा. मी लगेच ३१,००० पाठवले, कारण आता थांबलो तर आधीचे ५६,६०० चुकले असं कबूल करावं लागलं असतं. इथे थांबलो असतो तर अर्ध्यापेक्षा थोडे जास्तच वाचले असते. ५८,७५०. मी हा आकडा कितीदा मांडलाय ते विचारू नका.

लशीचं तर कौतुकच. ब्राझीलहून परतताना पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र आपल्या देशात लागतं, ते किमान दहा दिवस जुनं हवं, हे खरं. म्हणून बाकीचंही खरं वाटलं. पण ती लस सरकारमान्य केंद्रावर जाऊन स्वतः घ्यायची असते, तिचा स्लॉट कुणी व्हॉट्सअॅपवर विकत नाही. नऊ हजार!

२१ नोव्हेंबरला निमंत्रणपत्र आलं. भाच्याचं आडनाव चुकलेलं. दुरुस्तीसाठी फोन केला तर नंबर बंद. तेव्हा कुठे मी आयोजकांच्या खऱ्या संकेतस्थळावर जाऊन तिथल्या पत्त्यावर मेल टाकला. दोन ओळींचं उत्तर आलं: तुमची दोघांची नावं यादीत नाहीत. हाच मेल १४ ऑक्टोबरला टाकायला एक पैसा लागला नसता.

आता पुढची चित्तरकथा.

१९३० हा आकडा सोलापूरकराला पाठ करावा लागत नाही. त्याच साली इथे मार्शल लॉ लागला आणि पुढे चार हुतात्मे फासावर गेले. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा नंबरही तोच. फोन लागला, मुलगी नीट बोलली, पाचही व्यवहारांचे बारा-बारा आकडी यूटीआर नंबर, म्हणजे बँकेचे व्यवहार क्रमांक, घेतले. ते आधी काढून ठेवा, फोनवर शोधत बसू नका. शेवटच्या व्यवहाराला तीन दिवस झाले होते. त्या खात्यात शिल्लक किती सापडली? १,१४० रुपये. ते गोठवले. पहिल्या तासाभरात कळवलं तर पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. मी तर पहिल्या पैशापासून अडतीस दिवस घेतले.

मग पोलीस ठाणं. कोणतं ते लिहीत नाही, तिथेच पुन्हा जायचंय. २० तारखेला विधानसभेचं मतदान झालेलं, २३ ला मतमोजणी. "बंदोबस्त आहे सर, मोजणी झाल्यावर या." मोजणी झाली. "शपथविधी होऊ द्या." का, शपथ काय माझ्या तक्रारीवर घेणार होते? तिसऱ्या वेळी एकाने कागद वाचला आणि शेजारच्याला हाक मारली, "अरे हे बघ, गुहेत जायचं तिकीट काढलंय!" आणि मला, "काय असतंय ओ गुहेत? सोनं-बिनं?" मी उभा. एफआयआर म्हटलं की "अर्ज द्या", अर्ज म्हटलं की "हे सायबरकडे", तिकडे गेलं की "तुमच्या हद्दीतलं ठाणं". भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), आयटी कायद्याचं ६६ डी, हद्द कोणतीही असो गुन्हा नोंदवायची तरतूद, सगळं छापून नेलं होतं. साहेबांनी त्या कागदावर चहाचा कप ठेवला. एफआयआर झाला सहाव्या फेरीला, तोही ओळखीच्या वकिलाने फोन केल्यावर. म्हणजे ज्याची ओळख नाही त्याने काय करायचं? दरवेळी अर्ध्या दिवसाची रजा पडली ती वेगळीच. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नका, ते "घरी पाठवतो" म्हणाले तरी.

बँकेत आणखी मजा. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक घेऊन गेलो. शाखेतला अधिकारी म्हणाला, "ते परवानगीशिवाय गेलेल्या पैशांसाठी. पिन तुम्हीच टाकलाय." कबूल, मीच टाकला. पण ज्याच्या खात्यात गेले, त्याचं केवायसी तर कुठल्यातरी बँकेनेच केलंय ना? माझ्या आईचं पेन्शन दोन महिने अडवलं होतं, अंगठा जुळत नाही म्हणून. ८२ वर्षांच्या बाईचा अंगठा जुळेना म्हणून खातं अडतं आणि त्या एंटरप्रायझेसचं खातं मात्र लख्ख चालतं. यावर अधिकारी म्हणाला, "सर, टोकन घ्या, लाईन मोठी आहे."

ते १,१४० रुपये अजून गोठलेलेच आहेत. सोडवायला कोर्टाचा आदेश आणा, असं मला सांगितलं होतं. त्यासाठी वकिलाने २,००० मागितले.

जुलै २०२५ मध्ये काँग्रेस झाली, आमच्याविना. त्याच महिन्यात रायगड, शिवनेरीसह आपले किल्ले जागतिक वारसा यादीत गेले आणि दिवसभर सगळ्यांचे मोबाईल वाजत होते. ज्या बैठकीत ते ठरलं, तिची पूर्ण यादी भाच्याने पाठवली. आपल्या किल्ल्यांबरोबर त्यात ब्राझीलचं पेरुआसूही होतं. खाली त्याने एवढंच लिहिलं होतं, "मामा, हाफ डे." मी अंगठा दाखवून मोकळा झालो.

आणि एक गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे लिहायला बसलो. तो नंबर पुन्हा चालू झालाय. मी सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर, संशयास्पद नंबर कळवायच्या 'चक्षू' सोयीत, कळवलंय, पुढे काही झालेलं दिसत नाही. डीपीला आधी गुहा होती, आता केदारनाथचं हेलिकॉप्टर आहे. तुमच्या घरातून, गल्लीतून कुणी यात्रेला निघालं असेल आणि स्वस्तात हेलिकॉप्टरचं तिकीट मिळालं म्हणून खुशीत असेल, तर पैसे कुणाच्या नावावर गेले ते आत्ताच बघायला सांगा.