आर-290 वायूचा एसी : यंत्र उत्तम, पण बसवणारा जाणकारच हवा

नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, तेव्हा एसीचा खरा कस लागतो. आमच्या दिवाणखान्यातला आर-290 वायूवर चालणारा दीड टनी इन्व्हर्टर एसी या कसाला पूर्ण उतरला आहे. आर-290 म्हणजे प्रोपेन; एसीत फिरून खोलीतली उष्णता बाहेर नेणारा वायू. त्याचे क्रांतिक तापमान (ज्याच्या वर वायू कितीही दाबला तरी द्रवरूप होत नाही) सुमारे 97 अंश, तर आर-410ए या प्रचलित वायूचे जेमतेम 71 अंश असल्यामुळे, बाहेरची हवा तापल्यावर प्रोपेनवरील यंत्राची कार्यक्षमता तितकीशी घसरत नाही.

तरीही मी हे यंत्र घेतले ते मुख्यतः पर्यावरणासाठी. शंभर वर्षांच्या हिशेबाने आर-410ए हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या 2088 पट आणि आर-32 हा 675 पट तापमानवाढ घडवतो; प्रोपेनच्या बाबतीत हा आकडा सुमारे 3 आहे. त्यामुळे दुकानात आर-32 ची यंत्रे सरसकट ‘पर्यावरणपूरक’ म्हणून खपवली जातात, हे मला मुळीच पटत नाही. भारताने 2021 मध्ये मान्य केलेल्या किगाली दुरुस्तीनुसार (ओझोन थर वाचवण्यासाठीच्या माँट्रियल करारातील दुरुस्ती) हायड्रोफ्लुरोकार्बन या गटातल्या वायूंचा वापर 2028 पासून गोठवायचा आहे आणि 2047 पर्यंत 85 टक्क्यांनी घटवायचा आहे. आर-32 हाही त्याच गटातला आहे.

प्रोपेन ज्वलनशील आहे, ही धास्ती रास्तच आहे. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये त्याच जातीचा 14.2 किलो वायू असतो. या यंत्रात तो चारशे ग्रॅमहूनही कमी आहे. मात्र तो हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास जमिनीलगत साचतो, म्हणून पुस्तिकेत दिलेल्या किमान क्षेत्रफळापेक्षा लहान खोलीत हे यंत्र बसवूच नये.

माझी तक्रार आहे ती सेवेबद्दल. पहिल्यांदा आलेल्या कारागिराकडे नळ्यांतली हवा खेचून काढणारा व्हॅक्यूम पंप नव्हता. थोडा वायू सोडून नळीतली हवा बाहेर काढू, असे तो म्हणाला. ज्वलनशील वायूच्या बाबतीत हे अक्षम्य आहे, म्हणून मी काम तिथेच थांबवले. नंतर आलेल्या प्रशिक्षित तंत्रज्ञाने नायट्रोजनचा दाब देऊन प्रत्येक फ्लेअर जोडाला (नळीचे तोंड पसरवून केलेल्या जोडाला) साबणाचे पाणी लावले, एकही बुडबुडा येत नाही हे मला दाखवले आणि पंपाने नळ्या पूर्ण निर्वात केल्यावरच वायू सोडला.

यंत्राची मी निःशंक शिफारस करतो. पण आपल्या गावात आर-290 चे प्रशिक्षण घेतलेला तंत्रज्ञ आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. तसा कोणी नसेल, तर तूर्त ही खरेदी लांबणीवर टाकावी.