सनसेट व्हॅली की रिव्हरव्ह्यू: दहा पिढ्यांसाठी गाव निवडताना

माणसांचं रोजचं आयुष्य चालवायच्या 'द सिम्स ३' या संगणकावरच्या गेममध्ये लेगसी, म्हणजे एकाच घराण्याच्या दहा पिढ्या खेळणं, सुरू करायची ठरली की सगळ्यात जास्त वेळ खातो तो गावाचा नकाशा. 'सिम्स ४' मध्ये एवढा विचार करावा लागत नाही. तिथे एकाच सेव्हमध्ये या जगातून त्या जगात बिऱ्हाड हलवता येतं, म्हणजे निवड बहुतेक देखाव्यापुरतीच. 'सिम्स ३' चं गाव मात्र सलग, उघडं. ते सोडून दुसऱ्या गावात जायचं तर फक्त घरातली माणसं बरोबर येतात. वेगळी चूल मांडलेला भाऊ, लग्न होऊन गेलेली मुलगी, सगळे मागे राहतात. त्यामुळे पहिल्या दिवशी घेतलेला प्लॉट हाच जन्माचा. माझे दोन डाव अर्धवट मोडले आणि तिसरा टिकला, एवढ्या भांडवलावर हे लिहितोय. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

बाकीची गावं आधी बाजूला काढतो. ब्रिजपोर्ट दिसायला झकास आहे, पण उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये पिढ्या वाढवणं म्हणजे शिक्षाच. बाहेर भिंत सरकवता येत नाही, आणि लिफ्टपाशी सिम, म्हणजे गेममधला माणूस, एवढा रेंगाळतो की ऑफिसची गाडी निघून जाते. गावात लहान मुलंही मला मोजकीच दिसली, मग आपल्या पोरांनी खेळायचं कोणाशी? ट्विनब्रुक मला मनापासून आवडतं, पण त्या दलदलीच्या उजेडात दहा पिढ्या काढायची माझी तयारी नाही. आयला पॅराडिसो म्हणजे २०१३ चं बेटांचं गाव. तिथे हाऊसबोटीच्या हौसेपायी माझा संगणक अक्षरशः धापा टाकायला लागला. उरली दोन. एक मूळ गेमबरोबर आलेली सनसेट व्हॅली, आणि दुसरं गेमची नोंदणी केल्यावर फुकट मिळणारं रिव्हरव्ह्यू.

बहुतेक जण डोळे मिटून सनसेट व्हॅली घेतात, आणि त्यात त्यांचं फार चुकतं असंही नाही. समुद्र आहे, टेकडी आहे, गावाचा मध्य आटोपशीर आहे. पण खरी ओढ आहे ती माणसांची. हा काळ पहिल्या 'सिम्स' च्या २५ वर्षं आधीचा. म्हणजे पुढे ज्यांचं लग्न होणार हे आपल्याला आधीच ठाऊक आहे, ते मॉर्टिमर गॉथ आणि बेला बॅचलर इथे शाळेत जाणारी पोरं आहेत. दुसऱ्या भागात बेला बेपत्ता होते हेही आपल्याला माहीत, आणि इथे ती रस्त्यावरून दप्तर घेऊन चालली आहे! ज्याने आधीचे भाग खेळले आहेत त्याला हे बघून गुदगुल्या होणारच. मलाही झाल्या. शिवाय इथले चेहरे एकमेकांपासून वेगळे आहेत, आणि पिढ्या खेळणाऱ्याला हे फार महत्त्वाचं. या गेममध्ये आपोआप जन्मलेले शेजारी सगळे एकाच साच्यातले, गोल गालांचे निघतात. त्या चेहऱ्याला खेळाडू पुडिंग-फेस का म्हणतात ते तिसऱ्या पिढीत सून शोधायला निघालात की कळतं.

मग मी सनसेट व्हॅली सोडली का?

माझी मूळ बाई, म्हणजे घराण्याची पहिली, १६,५०० सिमोलिऑन (गेममधलं चलन) घेऊन आली. त्यातला बराचसा पैसा ६४ बाय ६४ चौकटींच्या रिकाम्या प्लॉटला गेला. उरलेल्यात एक पलंग, एक शेगडी आणि टोमॅटोची एक रांग. मी सगळा हिशेब मनात मांडून ठेवला होता. ती गॉथांच्या घरी ओळख वाढवणार, तिचा मुलगा बेलाच्या घरी अभ्यासाला जाणार. इतिहास थोडा वाकवायचा, एवढाच लबाड बेत. मुलगा पाळण्यातून उतरला, रांगला, चालायला लागला. शाळेचा पहिला दिवस झाला, बस दारात थांबली. संध्याकाळी मी नकाशा वर ओढून बॅचलरांच्या घरावर माऊस नेला, तर घर रिकामं. विकाऊ. आत ना पलंग ना खुर्ची. गाव आपोआप पुढे सरकवणाऱ्या स्टोरी प्रोग्रेशनने अख्खं कुटुंब गावाबाहेर धाडलं होतं. माझ्या नात्यांच्या यादीतून बेलाच्या आईचा चेहराही पुसला गेला होता. दोन दिवसांनी गॉथही गेले. लढाई नाही, आग नाही, बुडणं नाही. नुसते गेले. मी पोराकडे बघत बसलो. तो अंगणात एकटाच पकडापकडीसाठी गडी शोधत होता.

उपाय नाहीत असं नाही. पर्यायांत जाऊन स्टोरी प्रोग्रेशन बंद करता येतं. मी केलं. मग शेजारी जागच्या जागी राहिले, पण वय थांबत नाही आणि पाळणा हलत नाही. पहिली पिढी म्हातारी होईपर्यंत अर्धं गाव स्मशानात. वय वाढणंही बंद करायचं तर मग पिढ्यांचा खेळ कसला? मॉड, म्हणजे खेळाडूंनीच बनवलेले बदल, टाकून हे सगळं नीट करता येतं आणि अनेक जण करतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण मला पहिल्या डावात मॉड नको होते. आणि ज्याच्यासाठी गाव निवडलं तेच गेमने हातातून काढून घेतलं, ही रुखरुख मॉडने जात नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या गेममध्ये माणसं टिकत नाहीत, जमीन टिकते. साधं आयुष्य ९० दिवसांचं. एक दिवस म्हणजे आपली २४ मिनिटं. वेग वाढवला नाही तर एका सिमचा पाळण्यापासून तिरडीपर्यंतचा प्रवास ३६ तासांत आटोपतो. आपण दहा पिढ्या म्हणतोय. शेजारी कोण आहे यापेक्षा अंगण कसं आहे हेच शेवटी बघावं लागतं.

रिव्हरव्ह्यू मी रागाच्या भरात घेतलं, हे कबूल करतो. पहिला आठवडा कंटाळलो. तपकिरी-पिवळा उजेड, नदी, शेतं, कोठारं, आणि समुद्र नाहीच. शेजारी कोण कुठले, काही पत्ता नाही. तिथलेही लोक गाव सोडून जातात, यंत्रणा तीच आहे. पण जाणाऱ्याचं नावच ठाऊक नसेल तर जीव कशाला जळणार? माझी सून तिथल्याच एका कुटुंबातली. नाक लांब, भुवया जाड. ते नाक चौथ्या पिढीपर्यंत घरात आहे. पुडिंग-फेसचा धोका इथेही आहे, कदाचित थोडा जास्तच. म्हणून गावातली मूळ माणसं पहिल्या दोन पिढ्यांतच सोयरिकीला घ्या, हा एक फुकटचा सल्ला.

इथली खरी मजा मातीत आहे. माझ्या प्लॉटला फारसा चढउतार नाही, त्यामुळे घर वाढवताना पाया खणण्याची कटकट नाही. नवी पिढी, नवी खोली. चांगल्या फळातून लावलेलं झाड त्याहून चांगलं फळ देतं, म्हणून आजीने सुरू केलेली बाग नातवाच्या हातात आली तेव्हा तिचं सोनं झालेलं होतं. हे सनसेट व्हॅलीतही होतं, मान्य. पण तिथे मी बागेकडे बघितलंच नव्हतं. मी लोकांच्या घरात डोकावत बसलो होतो.

संगणकाचाही विचार करा. पिढ्या वाढतात तशी सेव्ह फुगते, आणि मेमरी संपली की एरर १२ येऊन सेव्ह होतच नाही. सनसेट व्हॅलीत मला तो दोनदा दिसला, रिव्हरव्ह्यूत अजून नाही. हे मोजमाप नव्हे, एका माणसाचं एक यंत्र. गाव कुठलंही घ्या, दर पिढीला वेगळ्या नावाने सेव्ह करा.

आधीचे भाग खेळलेले असाल आणि दोन-तीन पिढ्यांतच समाधान मानणार असाल, तर सनसेट व्हॅली घ्या. बेला भेटेल, निदान काही दिवस. दहाचा आकडा खरंच डोक्यात असेल तर मी रिव्हरव्ह्यूकडे थोडा झुकेन. बरं, थोडा नाही.

माझी पाचवी पिढी चालू आहे. मूळ बाईच्या थडग्याचा दगड सफरचंदाच्या झाडांखाली ठेवलाय. रात्र झाली की ती करड्या रंगाचं भूत होऊन उठते आणि थेट स्वयंपाकघरात जाते. खापरपणतू घाबरून जागा होतो, सकाळी शाळेत पेंगतो. दगड स्मशानात नेऊन ठेवला तर सगळ्यांची झोप नीट होईल. अजून नेलेला नाही.