उज्जैनचा सरकारमान्य भांग-घोटा: चव पैकीच्या पैकी, मात्रा देवावर

दुकानात शिरलो की आधी परवाना कुठे टांगलाय ते बघायचं, ही खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही. राज्य उत्पादन शुल्क खात्यात दुय्यम निरीक्षक होतो. तेव्हा हे परीक्षण चवीपेक्षा कागदपत्रांकडे जास्त झुकलं तर सांभाळून घ्या. महाकाल मंदिराकडे जाणाऱ्या गल्लीतलं हे भांगघोट्याचं, म्हणजे वाटलेली भांग घातलेल्या थंडाईचं दुकान. नाव देत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि त्या आसपासच्या सगळ्याच दुकानांना कमी-अधिक लागू पडतील. परवाना गल्ल्याच्या वर, काचेच्या चौकटीत, महाकालाच्या फोटोला खेटून. मुदत चालू. पहिला गुण तिथेच दिला.

आमच्याबरोबर मेहुणी आणि साडू होते. साडूंना हे सगळं अजबच वाटत होतं. "अहो, हे उघड्यावर विकतात? आणि तुम्ही नुसते बघताय?" त्यांचं चुकत नव्हतं. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आजही जिवंत आहे आणि त्याखाली परवान्याशिवाय भांग बनवणं, बाळगणं, पिणं, सगळंच गुन्हा. दारू पिणाऱ्यालासुद्धा कागदोपत्री परवाना लागतो, देशीला एका दिवसाचा २ रुपयांत, विदेशीला ५ रुपयांत. किती जण काढतात ते विचारू नका. मध्य प्रदेशात मात्र भांग, भांगघोटा आणि भांगमिठाई अशी किरकोळ दुकानं उत्पादन शुल्क खातंच परवान्यावर देतं. सरकार तेच, खातं तेच, फक्त राज्याची हद्द ओलांडली की मुद्देमालाचा प्रसाद होतो.

आता घोट्याकडे. पाट्यावर वाटणारा माणूस गिऱ्हाइकांच्या समोरच बसतो, हे मला फार आवडलं. भिजवलेली पानं तो आधी पाण्यात चोळून चोळून धुतो. पहिलं पाणी काळपट हिरवं निघतं, ते फेकतो. पाणी जवळजवळ नितळ होईपर्यंत हे चालतं. मग मिरी, बडीशेप, मगज, बदाम, वेलदोडे, वाळलेल्या गुलाबपाकळ्या आणि खसखस. वरवंटा चालवताना त्याचं सगळं अंग पुढं-मागं होतं, आणि वाटण असं गुळगुळीत येतं की बोटाला कणही लागत नाही. शेजारी मिक्सर होता. तो गर्दीच्या वेळी काढतात म्हणे. तुम्ही गेलात तर पाट्यावरचंच मागा, फरक कळतो. शेवटी दूध, केशर, आणि फडक्यातून गाळणं. साधा ग्लास ५० रुपये, रबडीचा ८०.

त्या खसखशीपाशी मी जरा रेंगाळलो. बिनभांगेची थंडाई घेतली तरी ती त्यात असतेच. याच राज्यात मंदसौर-नीमचच्या पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवान्यावर अफू पिकते, नीमचला सरकारी अफू कारखाना आहे, आणि बोंडाचा चीक शेतकऱ्यानं सरकारलाच घालायचा असतो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानं अफूच्या झाडाचे काढणीनंतरचे सगळे भाग कवेत घेतले, पण कंसात लिहिलं: बिया सोडून. भांगेच्या झाडाबाबतही तेच. 'गांजा' म्हणजे फुलाफळांचे शेंडे; शेंडे सोबत नसतील तर बिया आणि पानं वगळली, आणि भांग म्हणजे ही पानंच. म्हणजे माझ्या हातातल्या ५० रुपयांच्या ग्लासात त्या कडक कायद्यातली दोन झाडं होती, आणि दोन्ही त्याच्या कंसातून निसटून आलेली.

हा कंस आपल्याकडे सुचलेला नाही. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात गांजाची व्याख्या हीच आहे. जगभर गांजा-चरस बंद करायचं ठरलं तेव्हा भारतानं मुदत मागून घेतली आणि १९८५ मध्ये कायदा केला. पान मात्र राज्यांच्या हातात राहिलं. त्याच्याही आधी, १८९३-९४ साली, इंग्रजांनी यावर एक आयोग नेमला होता. हजाराहून अधिक साक्षी घेतल्या आणि निष्कर्ष काढला की सरसकट बंदी नको, परवाना आणि कर लावून आवर घाला. त्या अहवालाला भांगेच्या धार्मिक स्थानावरचं एक टिपण जोडलेलं आहे. ते लिहिणारे जे. एम. कॅम्पबेल मुंबईत जमीन महसूल, जकात आणि अफूचे कलेक्टर होते. शंकराच्या भक्ताकडून भांग हिसकावली तर लोक दुखावतील, असा त्यांचा रोख. अफूच्या कलेक्टरानं भांगेची बाजू घ्यावी, हे वाचून मला आमच्या खात्याबद्दल थोडी आपुलकी वाटली होती.

चव उत्तम. हिरवटपणाचा मागमूस नाही, मिरीचा ठसका घशात मागाहून येतो, साखर बेताची. मी हलका घेतला, बायकोनं बिनभांगेची थंडाई. मेहुणीनं नुसती रबडी खाल्ली आणि तीच सगळ्यांत शहाणी ठरली.

कारण आता तक्रार. काउंटरवरच्या मुलानं एकच प्रश्न विचारला: "हल्का, मीडियम, कि कड़क?" पहिल्यांदा घेताय का, जेवलात का, रक्तदाबाची गोळी चालू आहे का, काही नाही. माझ्यापुढं दोन पोरं उभी होती, मिसरूडही फुटलेलं नव्हतं. त्यांनाही हाच प्रश्न. हलक्यात वाटणाचा बोराएवढा गोळा आणि कडकमध्ये लिंबाएवढा, एवढंच मोजमाप, तेही अंदाजपंचे. पानं शेंड्याजवळची कोवळी आहेत की खालची जून, यावरही जोर बदलतो. ते त्या मुलाला माहीत नाही आणि त्यानं माहीत करून घ्यावं असं परवाना सांगतही नाही.

साडूंनी मीडियम घेतला. अर्ध्या तासानं म्हणाले, "काहीच होत नाही हो, दूधच पाजलं यांनी." आणि आम्ही चपला शोधतोय तोवर दुसरा रिचवून आले. ओढलेला गांजा मिनिटांत चढतो. पोटातून जाणारी भांग यकृतातून फिरून येते, तिला अर्धा तास लागतो तसे दोन तासही लागतात, आणि आली की सहा-आठ तास हलत नाही. लॉजवर गेल्यावर त्यांचे दोन्ही ग्लास एकदमच पोचले. रात्रभर "दाराला कडी लावली का?" हे त्यांनी किती वेळा विचारलं ते मेहुणीला विचारा. ताक पाजलं, लिंबू चोखायला दिलं. शून्य उपयोग, वेळ जाऊ द्यावाच लागतो. पहाटे चारच्या भस्मारतीचं आमचं बुकिंग गेलं ते गेलंच.

दारूच्या बाटलीवर अल्कोहोल किती टक्के ते छापलेलं असतं, नसेल तर आम्ही पंचनामा करायचो. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२१ मध्ये भांगेच्या झाडाच्या बिया खाद्यपदार्थ म्हणून मान्य केल्या, तर त्यात नशेचं द्रव्य किलोला ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको अशी अट घातली. बिया, ज्या खाऊन कुणाला कधी चढली नाही! आयुर्वेदाच्या औषधात भांग आली की ती विषारी द्रव्यांच्या यादीतली, वेष्टनावर वैद्याच्या देखरेखीखालीच घ्या असं छापावं लागतं. खुद्द महाकालाच्या पिंडीची झीज होते म्हणून सर्वोच्च न्यायालयासमोर प्रकरण गेलं, तेव्हा २०१७ मध्ये अभिषेकाला माणशी अर्धा लिटर शुद्ध पाणी असं माप ठरलं. बी मोजली, गोळी मोजली, देवाचं पाणी मोजलं. चढणाऱ्या ग्लासाला तेवढं माप नाही. 'हा प्रसाद आहे' म्हटलं की पुढं विचारायची सोय उरत नाही, आणि माझ्या मते दुकानदाराला तेच सोयीचं पडतं. परंपरा मोडा असं मी म्हणत नाही. मापाची वाटी ठेवली आणि 'दुसरा ग्लास दोन तासांनी' अशी पाटी लावली तर कुठली परंपरा बुडते?

या गावात नियमांची गंमत एवढ्यावर संपत नाही. १ एप्रिल २०२५ पासून उज्जैनसह मध्य प्रदेशातल्या धार्मिक शहरांत दारूची दुकानं बंद आहेत. कालभैरवाला मात्र दारूचाच नैवेद्य. पुजारी बशी मूर्तीच्या ओठांना लावतो आणि ती रिकामी होते. महाअष्टमीच्या नगरपूजेत तर खुद्द जिल्हाधिकारी चौबीस खंबा देवीला मद्य वाहतात आणि पुढे कित्येक किलोमीटर शहरभर मद्याची धार सोडत जातात. २०२८ च्या सिंहस्थात क्षिप्रेच्या काठी साधूंच्या चिलमी पेटतील, तेव्हा लक्षात ठेवा: अमली पदार्थ कायद्यात धर्मासाठी सूट नाही. साधूच्या शेजारी बसून दम मारलात आणि पुडी तुमच्या खिशात सापडली, तर अगदी थोड्या गांजालाही एक वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

जायचं असेल तर संध्याकाळच्या शृंगाराचं दर्शन घेऊन जा. पिंडीवर भांगेनं घडवलेला चेहरा डोळ्यांत ताजा असतो. पोटभर जेवून, हलकाच, एकच. हृदयाचा किंवा मनाचा आजार असेल, गरोदर असाल, गाडी चालवायची असेल तर बिनभांगेची थंडाई घ्या, चवीत काही कमी नाही. भस्मारतीच्या आदल्या रात्री नको. आणि त्या मुलानं आम्हाला पुढं केला तसा वाटणाचा पुडा घरी न्यायला तुमच्यापुढंही धरला, तर हात जोडा. तिथल्या परवान्याचं कौतुक महाराष्ट्राच्या तपासणी नाक्यावर कुणी ऐकून घेणार नाही. मी तर नक्कीच घेतलं नसतं.

चवीला पाच, स्वच्छतेला चार, गिऱ्हाइकाच्या काळजीला एक. तो एकही वाटणाऱ्या माणसाला. साडू दुसऱ्या ग्लासासाठी आले तेव्हा नको म्हणणारा तो एकटाच होता.